तपासले कोणी, पाठवले कोणी, पैसे कोणाला

अमेरिकेतल्या एखाद्या दवाखान्यात दुपारी रुग्ण तपासला जातो, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. त्या तपासणीचे बिल विमा कंपनीकडे पाठवण्याचे काम पुण्यात, नागपुरात किंवा नवी मुंबईत बसलेली एखादी तरुण मुलगी करते. मेडिकल बिलिंग हा शब्द मराठी घरांना आता नवा राहिलेला नाही. बी.कॉम., बी.एस्सी., बी.फार्म. झालेली कितीतरी मुले-मुली नाइट शिफ्टच्या गाडीने या कामाला जातात. चार्ज एन्ट्री, पेमेंट पोस्टिंग, एआर कॉलिंग, क्रेडेन्शियलिंग हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत.

रुजू झाल्यावर सुरुवातीलाच त्यांना बिल पाठवण्याचा सीएमएस-१५०० हा फॉर्म शिकवला जातो. २४-जे मध्ये रेंडरिंग प्रोव्हायडरचा एनपीआय (नॅशनल प्रोव्हायडर आयडेंटिफायर, म्हणजे ओळख क्रमांक), ३३-ए मध्ये बिलिंग प्रोव्हायडरचा, १७-बी मध्ये रेफरिंगचा, ३२-ए मध्ये जागेचा, २५ मध्ये टॅक्स आयडी. मुले हुशार असतात, लगेच पाठ करतात. पुढे एखाद्या दिवशी क्लेम परत येतो. सगळे रकाने भरलेले असतात, अंकही बरोबर असतात, आणि तरी पैसे नाकारलेले असतात. असे का झाले हे त्या मुलाला उलगडत नाही, कारण त्याला रकाने शिकवले गेले आणि रकान्यांमागचे प्रश्न सांगायचे राहून गेले. ते प्रश्न अगदी साधे आहेत. रुग्णाला तपासले कोणी? तपासणीसाठी पाठवले कोणी? तपासले कुठे? आणि पैसे कोणाच्या खात्यात जायचे? हे पुस्तक या चार प्रश्नांबद्दल आहे. एनपीआय, यूपिन, पीटॅन, सीसीएन, डीईए ही सगळी अक्षरे आणि अंक त्या प्रश्नांची वेगवेगळ्या काळात दिलेली उत्तरे आहेत.

डॉक्टरला क्रमांक का लागावा, इथून सुरुवात केलेली बरी. आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्ण डॉक्टरसमोर बसतो, फी देतो आणि घरी जातो. उपचार घेणारा आणि पैसे देणारा एकच असला की डॉक्टर कोण हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पैसे तिसऱ्याने द्यायचे असले, मग तो सरकार असो, विमा कंपनी असो की नोकरीचा मालक, की चित्र पालटते. हा तिसरा त्या खोलीत हजर नसतो, त्याच्यापुढे फक्त कागद येतो. कागदावरच्या नावाचा भरवसा त्याला धरता येत नाही. अमेरिकेत पटेल आडनावाचे डॉक्टर हजारोंनी आहेत. लग्नानंतर नावे बदलतात, मधले नाव एके ठिकाणी पूर्ण लिहिलेले असते आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर. एकच डॉक्टर सकाळी स्वतःच्या दवाखान्यात असतो, दुपारी एखाद्या ग्रुपमध्ये आणि रात्री रुग्णालयात. शिवाय पैसे मागणाऱ्यांत डॉक्टर एकटेच नसतात. नर्स प्रॅक्टिशनर, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा, औषधाचे दुकान, रुग्णवाहिका, व्हीलचेअर पुरवणारा दुकानदार असे सगळेच प्रोव्हायडर या एका शब्दात येतात.

१९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना कायद्याने आल्या आणि हा तिसरा पैसे देणारा एकदम प्रचंड झाला. मेडिकेअर केंद्र सरकारची, पण क्लेम हाताळण्याचे काम ठिकठिकाणच्या खासगी विमा कंपन्यांकडे दिलेले. मेडिकेड केंद्र आणि राज्ये यांची मिळून, त्यामुळे प्रत्येक राज्याची रीत निराळी. ब्लू क्रॉस आणि ब्लू शील्ड या विमा संस्था तर आधीपासून होत्याच. ज्याने त्याने आपापल्या सोयीने डॉक्टरांना क्रमांक दिले. कोणाचे अंकांचे, कोणाचे अक्षरांचे, कोणी दवाखान्याच्या प्रत्येक पत्त्याला वेगळा क्रमांक दिला. एका डॉक्टरच्या नावावर दहा-वीस क्रमांक असणे ही अगदी सामान्य गोष्ट होती. बिलिंगच्या ऑफिसात भिंतीवर तक्ता लावलेला असे. या पेयरला हा क्रमांक, त्या पेयरला तो.

या गोंधळात पहिली शिस्त आणली ती यूपिनने. १९८५ सालच्या अंदाजपत्रकी कायद्याने मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला एक स्वतंत्र ओळख द्यावी असे सांगितले आणि त्यातून एक अक्षर व पाच अंकांचा हा क्रमांक जन्माला आला. रुग्णालयांसाठी ऑस्कर क्रमांक होता, त्यालाच आज सीसीएन म्हणतात. वैद्यकीय साहित्य विकणाऱ्यांसाठी आणखी तिसरा. यूपिनचा हेतू चांगला होता, पण तो मेडिकेअरच्या कुंपणाबाहेर चालत नसे. शिवाय त्यात पळवाटाही ठेवलेल्या होत्या. डॉक्टरचा यूपिन ठाऊक नसेल, तर ओटीएच००० असा बदली क्रमांक टाकता येत असे. शिकाऊ डॉक्टरांसाठी वेगळा, निवृत्तांसाठी वेगळा. सोय म्हणून दिलेले हे दार पुढे सर्रास वापरात आले.

त्याची किंमत काय पडली, हे २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशी उपसमितीने मांडले. २००० ते २००७ या काळात व्हीलचेअरसारख्या साहित्याच्या क्लेमवर मृत डॉक्टरांचे यूपिन टाकून मेडिकेअरकडून ६ ते ९.२ कोटी डॉलर उचलले गेल्याचा अंदाज त्या अहवालात आहे. साहित्य लिहून देणारा डॉक्टर मरून वर्षे लोटली होती, पण त्याचा क्रमांक जिवंत होता. क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने त्याचा शेवटही नोंदवला पाहिजे, ही गोष्ट तिथे ठळकपणे पुढे आली. क्रेडेन्शियलिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल माहीत करून घ्यावा असे मला वाटते. क्रमांक मिळवण्यासाठी आपण जेवढे कष्ट घेतो, तेवढे तो बंद करण्यासाठी घेत नाही.

एनपीआयची गोष्ट १९९६ पासून सुरू होते. त्या वर्षी २१ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हिपा कायद्यावर सही केली. आज हिपा म्हटले की सगळ्यांना रुग्णाच्या माहितीची गोपनीयता आठवते. आपल्या कंपन्यांतही पहिल्या दिवशी त्याचेच प्रशिक्षण होते, मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात. पण त्या कायद्याचा मूळ हेतू नोकरी बदलली तरी विमा टिकावा हा होता. सोबत कागदोपत्री कारभार सोपा करण्याचा एक भाग होता. त्या भागाने चार ओळख क्रमांक मागितले: रुग्णाचा, मालकाचा, विमा योजनेचा आणि प्रोव्हायडरचा.

या चार भावंडांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मालकासाठी नवे काही करावे लागले नाही, करखात्याचा नऊ अंकी ईआयएन २००२ मध्ये तसाच स्वीकारला गेला. विमा योजनांचा क्रमांक २०१२ मध्ये जाहीर झाला, त्याची अंमलबजावणी लांबत गेली आणि २०१९ मध्ये तो रद्दच केला गेला, कारण पेयर ओळखायची सोय बाजाराने आधीच करून ठेवली होती. रुग्णाच्या क्रमांकाला तर जन्मच मिळाला नाही. सरकारने प्रत्येक नागरिकाच्या आजारांना एक क्रमांक जोडावा ही कल्पना अमेरिकी जनमानसाला रुचली नाही आणि १९९८ पासून काँग्रेसने त्या कामावर सरकारी पैसा खर्च करायला बंदी घातली. चौघांपैकी केवळ या कायद्यासाठी नव्याने घडवलेला आणि तगलेला एकच, तो प्रोव्हायडरचा.

तोही सहज आला नाही. १९९८ च्या मे महिन्यात प्रस्ताव निघाला, अंतिम नियम २००४ च्या २३ जानेवारीला. २००५ च्या २३ मेपासून प्रोव्हायडरना अर्ज करता येऊ लागले. सर्वांनी वापरायची मुदत २३ मे २००७, छोट्या विमा योजनांना आणखी एक वर्ष. २००७ ची मुदत जवळ आली तेव्हा अनेकांची तयारी नव्हती, म्हणून प्रामाणिकपणे प्रयत्न करणाऱ्यांवर वर्षभर कारवाई न करण्याचे सरकारने ठरवले. प्रत्यक्षात एनपीआयवरच सारे चालू झाले ते २००८ च्या मेमध्ये. त्या संक्रमणाच्या वर्षात क्लेमवर जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक टाकले जात आणि पेयरच्या यंत्रणेत दोघांची जोडी जुळावी लागे. जुळली नाही की पैसे अडत. जोड्या लावणाऱ्या या तक्त्यांना क्रॉसवॉक म्हणत. त्या वर्षी जे कामावर होते त्यांना हा शब्द अजून विसरता आलेला नाही.

आता क्रमांकाकडेच पाहू. एनपीआय दहा अंकांचा, पहिला अंक १ किंवा २. शेवटचा अंक तपासणीचा असल्याने प्रत्यक्ष ओळखीचे अंक नऊच उरतात. म्हणजे सध्याच्या रीतीने २० कोटी क्रमांक देता येतील. तपासणीचा अंक काढण्याची पद्धत आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांची. १९५४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता आणि आज आपल्या क्रेडिट कार्डावरही तीच पद्धत असते. समजा पहिले नऊ अंक १२३४५६७८९ आहेत. उजवीकडून सुरू करून एक सोडून एक अंक घ्या: ९, ७, ५, ३, १. त्यांची दुप्पट १८, १४, १०, ६, २. या संख्यांमधले अंक सुटे करून मिळवले की २३ होतात. उरलेल्या ८, ६, ४, २ यांची बेरीज २०. त्यात २४ मिळवायचे. हे २४ येतात ८०८४० या उपसर्गातून, ज्यातले ८० आरोग्यक्षेत्रासाठी आणि ८४० अमेरिकेसाठी. एकूण ६७. पुढचे दशक ७०, फरक ३. म्हणून दहावा अंक ३.

ही आकडेमोड हाताने एकदा तरी करावी, असा माझा आग्रह आहे. ती केली की या क्रमांकाची ताकद आणि मर्यादा एकदमच कळतात. एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर ही पद्धत तो नक्की पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर जवळजवळ नेहमी पकडते, ० आणि ९ यांची अदलाबदल तेवढी निसटते. पण एका डॉक्टरच्या जागी दुसऱ्या डॉक्टरचा खराखुरा एनपीआय टाकला, तर गणित मुकाट्याने होकार देते. क्रमांकाची घडण बरोबर आहे एवढेच यंत्र सांगू शकते. त्या दिवशी त्या खोलीत कोण होते, हे त्याला कसे कळणार? ते कळण्याची जबाबदारी क्लेम भरणाऱ्यावर आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या दवाखान्यावर येते.

ओळख क्रमांक कसा असावा, याबद्दल जगात एकमत नाही. पहिला वाद क्रमांकात अर्थ असावा की नसावा हा. जर्मनीत २००८ च्या जुलैपासून प्रत्येक विमामान्य डॉक्टरला जन्मभराचा नऊ अंकी क्रमांक मिळतो, त्यातले शेवटचे दोन अंक त्याची विशेष शाखा सांगतात. क्रमांक वाचला की डॉक्टर हृदयरोगाचा की त्वचारोगाचा ते कळते. पण शाखा बदलली की ते दोन अंकही बदलावे लागतात. अमेरिकेने दुसरी वाट धरली. एनपीआयच्या अंकांत राज्य, शाखा, पदवी यांतले काहीच नाही. डॉक्टर अलास्कातून फ्लोरिडाला गेला, शल्यविशारदाचा अधिकारी झाला, नाव बदलले, तरी क्रमांक तोच. अर्थ हवा असेल तर तो क्रमांकाबाहेर, नोंदवहीत शोधायचा. माझे मत या दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. माणूस बदलत राहतो, आणि ज्या क्रमांकात त्याचे गुण कोरलेले असतात तो पुढे खोटा ठरू लागतो.

दुसरा वाद माणसाला ओळखायचे की जागेला. ऑस्ट्रेलियात डॉक्टर जितक्या ठिकाणी बसतो, तितके त्याचे प्रोव्हायडर क्रमांक. जर्मनीत माणसाचा एक आणि जागेचा वेगळा. अमेरिकेने व्यक्तीसाठी टाइप १ आणि संस्थेसाठी टाइप २ असे दोन प्रकार केले. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर टाइप १ मध्येच मोडतो. ग्रुप, रुग्णालय, प्रयोगशाळा टाइप २ मध्ये, आणि मोठ्या संस्थेला आपल्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे एनपीआय घेता येतात. हा फरक न कळल्याने होणाऱ्या चुका आपल्या मुलांच्या कामात सर्वांत जास्त दिसतात. २४-जे मध्ये ग्रुपचा क्रमांक जातो, ३३-ए मध्ये डॉक्टरचा. दोन्ही अंकांनी शुद्ध, दोन्ही नोंदवहीत सापडणारे आणि क्लेम मात्र अडकलेला.

एका क्रमांकाने सगळे भागेल असे स्वप्न होते. ते पुरते खरे झाले नाही, आणि होणे शक्यही नव्हते. एनपीआय ओळख देतो. परवाना, पात्रता किंवा पैसे मिळण्याचा हक्क तो देत नाही. अर्ज विनामूल्य असतो आणि त्यातली बरीचशी माहिती अर्जदार स्वतः भरतो. बदल झाला तर तीस दिवसांत कळवायचे बंधन आहे, पण जुने पत्ते वर्षानुवर्षे तसेच पडून असलेले नोंदवहीत दिसतात. म्हणून त्याच्याभोवती इतर क्रमांक राहिले. विशेष शाखेसाठी दहा अक्षर-अंकांचा टॅक्सॉनॉमी कोड. फॅमिली मेडिसिनचा २०७क्यू०००००एक्स. कर भरणारा कोण हे सांगणारा टॅक्स आयडी. मेडिकेअरमध्ये नाव दाखल झाल्यावर मिळणारा पीटॅन. नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठी डीईए, दोन अक्षरे आणि सात अंक, त्यातही शेवटचा तपासणीचा. प्रयोगशाळेसाठी क्लिया. यातला प्रत्येक क्रमांक वेगळ्या हाताने दिलेला आणि वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. एनपीआय आणि टॅक्स आयडी यांची सांगड तर इतकी महत्त्वाची, की पेयरला फोन लावला की पलीकडून सुरुवातीलाच हे दोन विचारले जातात. एआर कॉलरना हे सांगायला नको.

आता मी ज्या भागाशी सर्वांत जास्त थांबलो त्याबद्दल. क्लेमवरचा प्रत्येक एनपीआय एक भूमिका सांगतो. ज्याने प्रत्यक्ष सेवा दिली तो रेंडरिंग. ज्याने पाठवले तो रेफरिंग. ज्याने तपासणी किंवा साहित्य लिहून दिले तो ऑर्डरिंग. ज्याच्या देखरेखीखाली झाले तो सुपरवायझिंग. ज्याच्या नावाने पैसे मागितले तो बिलिंग. रुग्णालयाच्या यूबी-०४ फॉर्मवर आणखी अटेंडिंग आणि ऑपरेटिंग. एकच माणूस यातल्या तीन भूमिकांत असू शकतो आणि एकाच भेटीत पाच माणसेही असू शकतात. कोण कोणत्या भूमिकेत होते हे लिहिणे म्हणजे सरकारला किंवा विमा कंपनीला एक विधान लिहून देणे आहे. त्यावर पैसे दिले जातात, आणि ते जाणूनबुजून खोटे निघाले तर १८६३ सालचा, यादवी युद्धाच्या काळातला फॉल्स क्लेम्स अॅक्ट लागू होतो. नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि प्रत्येक क्लेममागे वेगळा दंड अशी त्याची शिक्षा आहे.

दोन ठिकाणी ही जबाबदारी कसोटीला लागते. ग्रुपमध्ये नवा डॉक्टर रुजू होतो. त्याच्याकडे एनपीआय असतो, परवाना असतो, पण पेयरकडे नाव दाखल व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. रुग्ण मात्र पहिल्या दिवसापासून येत असतात. अशा वेळी ‘तोवर सिनियर डॉक्टरच्या एनपीआयवर टाका’ अशी सूचना दवाखान्यातून येते. ती सहज दिलेली असते, ऐकायला निरुपद्रवी वाटते. काही पेयरचे आणि काही परिस्थितीचे अपवाद सोडले, तर ती ज्याने तपासले नाही त्याने तपासले असे लिहून देण्याची सूचना असते. पुण्यातल्या टेबलावरची मुलगी ती पाळते, कारण तिला वाटते की आपण फक्त रकाना भरतो आहोत. तिला ठामपणे ‘हे लेखी द्या’ म्हणता यावे, निदान टीम लीडपर्यंत नेता यावे, इतके ज्ञान तिच्याकडे असावे, ही या पुस्तकामागची मुख्य तळमळ आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे ‘इन्सिडेंट टू’. मेडिकेअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट स्वतःच्या एनपीआयवर बिल करतात तेव्हा डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के मिळतात. पण दवाखान्यात डॉक्टरने आखून दिलेल्या उपचाराचा पुढचा भाग त्यांनी डॉक्टरच्या देखरेखीखाली केला, तर डॉक्टरच्या एनपीआयवर पूर्ण दराने बिल करता येते. हे कायदेशीर आहे, अटी मात्र कडक आहेत. नवा रुग्ण किंवा नवी तक्रार त्यात बसत नाही. त्याचा परिणाम असा, की नोंदीत डॉक्टर दिसतो आणि प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती अदृश्य होते. मेडिकेअरबाबत काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅक या आयोगाने २०१९ च्या जूनमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्यासाठी ही रीत बंद करून त्यांना थेट स्वतःच्या नावाने बिल करू द्यावे, अशी शिफारस केली. पैशांचा मुद्दा होताच, पण काम नेमके कोण करते हे कळत नाही हाही होता. मला हा दुसरा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. ज्या स्त्री-पुरुषांनी रुग्ण सांभाळले, त्यांच्या कामाची नोंद त्यांच्याच नावावर व्हायला हवी.

नोंदीचे मोल आणखी एका अंगाने वाढले आहे. एनपीआयची नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे. कोणीही नाव टाकून क्रमांक किंवा क्रमांक टाकून नाव शोधू शकतो, पूर्ण यादीही उतरवून घेता येते. एप्रिल २०१४ मध्ये मेडिकेअरने कोणत्या डॉक्टरला किती पैसे दिले याची माहिती एनपीआयसकट प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या पैशांची यादी खुली झाली. पत्रकार, संशोधक, रुग्णांचे नातेवाईक यांना प्रथमच काही धागे जोडता आले. बिलासाठी काढलेला क्रमांक अशा रीतीने सार्वजनिक उत्तरदायित्वाचे साधन झाला. आपण भरलेला चुकीचा एनपीआय आता फक्त डिनायल होऊन परत येत नाही, एखाद्या अभ्यासात चुकीच्या डॉक्टरच्या खात्यावर एक शस्त्रक्रियाही जमा करतो.

गेल्या काही वर्षांत हे सारे अधिक कडक झाले आहे. ऑर्डर किंवा रेफर करणारा डॉक्टर मेडिकेअरच्या पेकॉस या नावनोंदणी यंत्रणेत नसेल तर क्लेम नाकारण्याची तपासणी ६ जानेवारी २०१४ पासून चालू झाली, म्हणजे स्वतः पैसे न मागणाऱ्याचा क्रमांकही अचूक लागतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस अॅक्टने विमा योजनांना प्रोव्हायडरची यादी निदान दर ९० दिवसांनी पडताळायला लावली. विमा नसलेल्या रुग्णाला आधी द्यायच्या खर्चाच्या अंदाजपत्रकातही प्रोव्हायडरचा एनपीआय आणि टॅक्स आयडी लिहावा लागतो. बरेच रकाने आता सॉफ्टवेअर स्वतः भरते. त्यामुळे टाइपिंगच्या चुका कमी झाल्या. मूळ नोंदच चुकीची असली तर तीच चूक शेकडो क्लेमवर एका रात्रीत पसरते, आणि ती शोधायला रकान्यांचा अर्थ कळणारा माणूस लागतो. नकाराचे २०६, २०७ आणि २०८ हे तीन कोड पाहा. एनपीआय नाही, एनपीआयची घडण चुकली, एनपीआय जुळला नाही. पहिले दोन यंत्र आधीच अडवते. तिसऱ्यासाठी विचार करावा लागतो.

आपल्या देशातही हाच प्रवास सुरू झाला आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी क्रमांक देते आणि २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक आहे. पण प्रत्येक राज्याची कौन्सिल वेगळी, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून देशभरात माणूस ओळखता येत नाही. विमा क्षेत्राने रुग्णालयांसाठी रोहिणी ही नोंदवही केली. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची एक आणि आरोग्य संस्थांची एक अशा दोन नोंदवह्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. माणूस आणि जागा वेगळी ठेवण्याचा निर्णय आपणही घेतला आहे. आणि जो रुग्णाचा क्रमांक अमेरिकेला नको वाटला, तो १४ अंकी आभा क्रमांक आपण स्वीकारला. अमेरिकेचे क्लेम करून ज्यांचा हात बसला आहे, अशा मराठी मुला-मुलींना उद्या इथल्या कॅशलेस क्लेमच्या कामात मागणी येईल असे मला मनापासून वाटते.

या पुस्तकात काय आहे त्याबद्दल थोडे. हे रकाने भरण्याचे मार्गदर्शक नाही, तशी मार्गदर्शके प्रत्येक पेयर आपल्या संकेतस्थळावर देतो आणि ती सतत बदलतात. इथे भर आहे तो कारणांवर. कोणता क्रमांक कोणत्या अडचणीतून आला, तो काय सिद्ध करतो आणि काय करत नाही, आणि क्लेम परत आला की विचाराची सुरुवात कुठून करावी. दातांच्या बिलिंगचा आणि कामगार नुकसानभरपाईचा विषय मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण त्यांच्या रीती इतक्या निराळ्या आहेत की त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. भाषेबाबत एकच धोरण ठेवले. फ्लोअरवर जे शब्द बोलले जातात तेच लिहायचे. क्लेमला दावा आणि डिनायलला अस्वीकृती म्हणून वाचकाला दुहेरी कष्ट द्यायचे नाहीत. स्पष्टीकरण मात्र घरच्या मराठीत.

नव्या वाचकाने क्रमाने वाचावे. दोन-चार वर्षे काम केलेल्याने भूमिकांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल, इतिहास त्याला नंतर आपोआप हवासा वाटेल. टॅक्सॉनॉमी कोडची यादी वर्षातून दोनदा सुधारली जाते, म्हणून पुस्तकातला कोणताही कोड क्लेमवर टाकण्यापूर्वी चालू यादीत पाहून घ्यावा. वर तपासणीच्या गणितासाठी घेतलेला क्रमांक सोडला, तर पुस्तकातल्या उदाहरणांमधले सगळे एनपीआय शेवटचा अंक मुद्दाम चुकवून छापले आहेत, म्हणजे ते चुकूनही कोणा खऱ्या डॉक्टरचे निघणार नाहीत. वाचकाने ते गणिताने तपासून पाहावेत.